फाइल माझ्या हातात द्या





या वार्तापत्रात मी दरवर्षी निकाल, स्नेहसंमेलन आणि शिष्यवृत्ती यांविषयी लिहीत आले आहे. या वेळी स्वतःविषयी लिहिणार आहे. २०२३ च्या मे महिन्यापासून जवळजवळ नऊ महिने मी रजेवर होते. तेव्हा गावात बऱ्याच गोष्टी पसरल्या. कोणी म्हणाले, मोठ्या बाई मुलाकडे पुण्याला गेल्या. कोणी म्हणाले, ट्रस्टशी काही बिनसले. खरी गोष्ट एवढीच होती की मला कर्करोग झाला होता. स्तनाचा कर्करोग. शाळेच्या वार्तापत्रात हा शब्द लिहावा की नाही यावर मी आठ दिवस विचार केला. शेवटी वाटले, हा शब्द उच्चारायला आपण लाजतो म्हणूनच तर बायका उशिरा डॉक्टरकडे जातात. मीही उशिराच गेले.

माझे माहेर बुऱ्हाणपूरचे. घरात मराठी, पण शाळा-कॉलेज सगळे हिंदी माध्यमातून. लग्न होऊन बारडोलीला आले आणि इथलीच झाले. माझ्या मराठीत हिंदी डोकावते हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, ते नेहमीप्रमाणे सांभाळून घ्यावे.

२०२२ च्या दिवाळीनंतर आंघोळ करताना डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असे मी स्वतःला समजावले. मग सहामाहीचे निकाल, मग प्रदर्शन, मग बोर्डाची परीक्षा. दहावीच्या मुलांना ‘आजचा अभ्यास उद्यावर टाकू नका’ असे रोज सांगणारी मी स्वतःची तपासणी पाच महिने उद्यावर टाकत राहिले. लाज हे एक कारण आणि भीती हे दुसरे. कामाचे कारण आपले सांगायला. एप्रिलमध्ये गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा सुरतला गेले. मॅमोग्राफी झाली, मग सुईने तुकडा काढून तपासला.

रिपोर्ट आणायला हे आणि मुलगा गेले होते. घरी आले ते हसत हसत. “थोडं इन्फेक्शन आहे, काही दिवस औषध घ्यावं लागेल,” म्हणाले. मुलगा माझ्याकडे बघत नव्हता. रात्री दोघे ओट्यावर हळू आवाजात बोलताना मी ऐकले आणि मला एकदम आईची आठवण झाली.

माझी आई १९९८ साली गेली. तिच्या पोटात गाठ होती. आम्हा भावंडांना सर्व माहीत होते, एका तिला सोडून. डॉक्टरांनाही आम्ही बजावले होते की तिच्यासमोर नाव काढू नका. ती विचारायची, “बाई गं, मला नक्की काय झालंय?” आणि मी म्हणायचे, “ॲसिडिटी आहे आई.” शेवटच्या महिन्यात तिने विचारणे सोडून दिले. आपल्याशी सगळे खोटे बोलत आहेत हे तिला कळले होते. तिला कोणाला काही सांगायचे असेल, काही द्यायचे असेल, तर ते सगळे तिच्यासोबतच गेले. आम्ही तिला दुःखापासून वाचवले असे आम्हाला वाटत होते. खरे तर आम्ही तिला एकटे पाडले.

मी उठून ओट्यावर गेले आणि यांना म्हटले, “फाइल माझ्या हातात द्या. आजार माझा आहे.” हे गप्प बसले, मग फाइल दिली आणि रडले. लग्नाच्या इतक्या वर्षांत मी यांना पहिल्यांदाच रडताना पाहिले.

फाइल हातात आली, पण वाचता कुठे येत होती? रिपोर्ट इंग्रजीत. डॉक्टर गुजरातीत समजावत. मी विचार करते मराठीत आणि अवघड गोष्ट समजून घेते हिंदीत. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मोबाइलवर एकेक शब्द शोधत बसले. एका व्हिडिओत एक गृहस्थ सांगत होते की बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो. दुसऱ्यात साखर बंद केली की गाठ विरघळते. तिसऱ्यात आकडे होते, किती जणी वाचतात आणि किती जात नाहीत. ते आकडे वाचून मी मोबाइल उपडा ठेवला. सकाळी खबर पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एका नातेवाइकाने काढ्याची पुडी आणली, एकाने कुठल्या डोंगरावरच्या वैद्याचा नंबर दिला. सगळे प्रेमाने बोलत होते, पण बुडत्याने नेमकी कोणती काडी धरावी? माहिती भरपूर होती, माझ्या कामाची कोणती ते कळत नव्हते.

माझ्या कामाची माहिती मला जिथून मिळाली ते ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. आपल्या शाळेत मध्यान्ह भोजन बनवणाऱ्या एक मावशी आहेत. त्यांच्या परवानगीने लिहिते, नाव मात्र लिहीत नाही. मूळच्या नंदुरबारकडच्या, उसाच्या तोडणीसाठी कुटुंबासोबत आल्या आणि इथेच राहिल्या. शिक्षण चौथी. त्या संध्याकाळी घरी आल्या, दार लावून घेतले आणि म्हणाल्या, “बाई, मला बी झाला व्हता. गर्भपिशवीच्या तोंडाचा. सहा वरीस झाले.” सहा वर्षे त्या रोज आमच्यासाठी स्वयंपाक करत होत्या आणि आम्हाला कोणाला ठाऊक नव्हते. कॅन्सर झालेल्या बाईच्या हातचे मुलांना चालणार नाही, या भीतीने त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. मुलांनो, कर्करोग हा संसर्गजन्य नाही. सोबत जेवल्याने, स्पर्शाने, एका ताटाने तो कोणाला होत नाही. हे मुख्याध्यापिकेने शाळेत एकदाही सांगितले नव्हते, म्हणून त्या बाईला सहा वर्षे गप्प राहावे लागले. त्या दिवशी मला याचीच जास्त लाज वाटली.

मावशींनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. वहीत त्यांच्या मुलीच्या अक्षरात तारखा, औषधे, पैसे, कोणत्या दिवशी उलट्या झाल्या, सगळे लिहिलेले. त्या म्हणाल्या, “डाक्टरसमोर गेलं की समदं इसरतं. घरूनच लिहून न्यायचं. आन् सोबत एक माणूस असा न्यायचा जो रडत नाही.” त्या दिवशी मी त्यांची विद्यार्थिनी झाले. नवी वही काढली आणि पहिल्या पानावर आम्ही दोघींनी मिळून प्रश्न लिहिले. कोणता कर्करोग आहे आणि किती पसरला आहे? उपचार बरे करण्यासाठी आहेत की आजार आटोक्यात ठेवण्यासाठी? आधी काय, नंतर काय आणि किती दिवस? खर्च किती, कोणती योजना लागू पडते? त्रास काय होईल, आणि कोणता त्रास झाला तर त्याच रात्री धावायचे?

दुसरे मत घ्यायला आम्ही मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला गेलो. बारडोलीहून सुरत, आणि सुरतेहून पहाटेची फ्लाइंग राणी. या रुग्णालयाची गोष्ट मुलांना माहीत असावी म्हणून सांगते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले होते. जे उपचार श्रीमंताला परदेशात जाऊन मिळतात ते आपल्या देशात सामान्य माणसालाही मिळावेत, या विचारातून पुढे टाटांच्या विश्वस्त निधीने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केले. १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. समोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. ते याच रुग्णालयातले नावाजलेले शल्यचिकित्सक होते.

तिथली गर्दी पाहून माझे पाय लटपटले. बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, सगळा देश त्या दारात उभा होता. फुटपाथवर बिछाने टाकून राहिलेली कुटुंबेही पाहिली. पण त्याच गर्दीत मला जाणवले की मी एकटी नाही. नाव नोंदवले की फाइलचा एक क्रमांक मिळतो आणि पुढे सर्व काही त्या क्रमांकाने चालते. रुग्णालयात समाजसेवा विभाग आहे. पैशाची अडचण, राहण्याची सोय, सरकारी मदतीचे अर्ज, हे तिथले समाजसेवक समजावून सांगतात. पुष्कळांना हा विभाग असतो हेच माहीत नसते आणि ते दागिने मोडून मोकळे होतात. बाहेरगावच्या रुग्णांसाठी परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात झाडू धरला, स्वतःसाठी घर बांधले नाही आणि लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या. पाचवीच्या वर्गात मी हे कित्येकदा शिकवले होते. ते ज्यांच्यासाठी होते ती माणसे मी त्या दिवशी पाहिली.

मुंबईत अशा कामाची जुनी परंपरा आहे. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी सुरू केली. कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून आहे. ‘व्ही केअर’ ही संस्था १९९४ मध्ये वंदना गुप्ता यांनी काढली, त्या स्वतः या आजारातून उठल्या होत्या. अशा संस्थांचे स्वयंसेवक रुग्णांशी बोलायला येतात आणि त्यांतले बरेच जण स्वतः रुग्ण होते. माझ्याशी ज्या बाई बोलल्या त्यांना होऊन अकरा वर्षे झाली होती. त्यांनी मला काही उपदेश केला नाही. फक्त म्हणाल्या, “केस जातात, पण परत येतात. माझे बघा.” मोबाइलवरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा तो एक वाक्याचा पुरावा मला जास्त उपयोगी पडला.

उपचारांचा आराखडा मुंबईला ठरला आणि तो घेऊन केमो सुरतला झाली, म्हणजे दर वेळी मुंबईची धावपळ नको. तीन-तीन आठवड्यांनी आठ केमो, नोव्हेंबरमध्ये शस्त्रक्रिया, जानेवारीत पंधरा दिवस रेडिएशन, आणि आता पाच वर्षे रोज एक गोळी. केस गेले, चव गेली, नखे काळी पडली. सोसले.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. तिसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी रात्री ताप आला. घरचे म्हणाले, पावसाळा आहे, तापाची गोळी घे, सकाळी बघू. मी वही उघडली. डॉक्टरांनी सांगितलेले वाक्य माझ्याच अक्षरात होते: केमोच्या काळात ताप १००.४ च्या वर गेला तर वाट पाहू नये, लगेच यावे. केमोमुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, शरीराला जंतूंशी लढता येत नाही आणि साधा वाटणारा ताप काही तासांत जीवावर बेततो. रात्री बारा वाजता शेजारच्या भाईंनी गाडी काढली. पेशी फारच खाली गेल्या होत्या. पाच दिवस ॲडमिट होते. सकाळपर्यंत थांबला असतात तर काय झाले असते, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. त्या एका ओळीने मला वाचवले.

आधाराविषयीही दोन शब्द. भेटायला येणाऱ्यांपैकी काही जण माझ्याच समोर कोण कोण या आजाराने गेले त्याची यादी सांगत. काही जण “पॉझिटिव्ह राहा” म्हणून निघून जात, म्हणजे मग मला रडायचीही चोरी. खरा आधार देणारे फारसे बोलले नाहीत. एका शिक्षिकेने दर केमोच्या दिवशी आमच्या घरचा डबा केला. शिपाईकाकांनी विजेचे बिल भरण्याची रांग स्वतःकडे घेतली. विश्वस्तांनी रजेचा प्रश्न माझ्यापर्यंत येऊच दिला नाही. आणि मावशी दर रविवारी यायच्या, माझ्याजवळ बसून भाजी निवडायच्या आणि निघून जायच्या. तेवढे पुरे होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये डोक्याला स्कार्फ बांधून शाळेत आले. नववीच्या वर्गात गेले तर वर्ग चिडीचूप. मी म्हटले, विचारा काय विचारायचे ते. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “बाई, तुम्ही मरणार का?” वर्गशिक्षिका तिला बसवायला धावल्या. मी थांबवले. मी सांगितले, “मला माहीत नाही. डॉक्टर म्हणतात उपचार चांगले लागू पडले आहेत. दर तीन महिन्यांनी तपासायला जायचे आहे. जे कळेल ते तुम्हाला खरे सांगेन.” आईला जे उत्तर देता आले नाही ते मी त्या मुलीला दिले. तिने मान हलवली आणि खाली बसली. नंतर कळले, तिच्या घरी आजीला हाच आजार होता आणि घरात कोणी बोलत नव्हते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपण मातांची सभा घेतली. स्त्री डॉक्टर आल्या. मी स्वतः उभी राहून सगळे सांगितले आणि माझ्यानंतर मावशी उभ्या राहिल्या. टाळ्या वाजल्या नाहीत, पण कोणी उठूनही गेले नाही. त्या दिवशी तीन मातांना पुढच्या तपासणीला पाठवले. दोघींच्या गाठी साध्या निघाल्या. तिसरीवर उपचार सुरू झाले, वेळेवर. एका आजींनी मात्र “आता या वयात काय” म्हणून नकार दिला. त्यांना आम्ही पटवू शकलो नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवते.

तपासणीचा उपयोग काय, असे काही पालक विचारतात. टाटा हॉस्पिटलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून वीस वर्षे सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. महागड्या यंत्रांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. गर्भाशयाच्या मुखाची तपासणीही त्यांनी साध्या व्हिनेगरसारख्या द्रावणाने केली, आणि त्याचेही मृत्यू जवळपास तेवढेच घटले. हे करणाऱ्या आरोग्यसेविकांना पदव्या लागल्या नाहीत. दहावीपर्यंत शिकलेली मुलगी हे काम शिकू शकते. दहावीच्या मुलींनो, तुमच्या शिक्षणाची किंमत यावरून ओळखा.

आणि मुलांनो, तुमच्यासाठीही. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण तंबाखू आणि गुटखा आहे. २०१२ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात दोन्ही राज्यांनी गुटख्यावर बंदी घातली, तरी शाळेच्या मागच्या भिंतीशी पुड्या सापडतात. कोणाच्या त्या मला माहीत आहे. मी रागावणार नाही. केबिनमध्ये या, बोलू.

ज्यांच्या घरी हा आजार येईल त्यांच्यासाठी थोडक्यात:

१. ज्याचा आजार त्याला खरे सांगा. किती ऐकायचे ते त्याला ठरवू द्या.

२. एक वही आणि एक फाइल ठेवा. प्रत्येक रिपोर्टची झेरॉक्स काढा, मूळ प्रत कोणाला देऊ नका.

३. ऐकलेला प्रत्येक उपाय वहीत लिहा आणि करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही. काढ्यासाठी उपचार थांबवू नका.

४. रुग्णालयात समाजसेवा विभाग विचारा. आयुष्मान कार्डाला आपण पात्र आहोत का ते आधीच पाहून ठेवा. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर वर्गात भाडे पूर्ण माफ असते आणि सोबत्यालाही मोठी सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो.

५. जो या वाटेने गेला आहे अशा एका तरी माणसाशी बोला. तो तुमच्या आसपासच असतो, फक्त गप्प असतो.

माझी तपासणी आता सहा महिन्यांनी होते. दर वेळी रिपोर्ट येईपर्यंत झोप लागत नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. वहीची झेरॉक्स मी शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. खर्चाची पाने सोडून बाकी सगळे त्यात आहे. आतापर्यंत चार घरी ती जाऊन आली. परत येते तेव्हा मागच्या पानांवर कोणीतरी नवे काही लिहिलेले असते. एका पानावर मावशींनी, आता स्वतःच्या अक्षरात, लिहिले आहे: जेवन टायमावर करा. मी ते दुरुस्त केलेले नाही.

आपली,
मुख्याध्यापिका